जुन्या गाडीचे सुटे भाग घरी साफ करताना : ब्लास्टिंगच्या पद्धती आणि वाळूचा धोका

जुनी प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा जीप पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस असणाऱ्यांना पहिला सामना करावा लागतो तो गंजाशी. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत तो अधिक वेगाने पसरतो. तारेचा ब्रश खाचाखोचांत पोहोचत नाही. अशा वेळी दाबाच्या हवेने बारीक कणांचा मारा करून धातू स्वच्छ करण्याची पद्धत, म्हणजेच ब्लास्टिंग, उपयोगी पडते. मात्र या कामासाठी वाळू वापरणे प्राणघातक ठरू शकते.

पद्धतीचा उगम

अमेरिकन संशोधक बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. वाळूमुळे तिला ‘सँडब्लास्टिंग’ हे नाव पडले आणि वाळू मागे पडल्यानंतरही ते टिकून राहिले. बेळगावच्या उद्यमबाग परिसरातील फौंड्री व्यवसायाला तिचेच भावंड परिचित आहे. ओतकामातून निघालेल्या भागांना चिकटलेली साच्याची वाळू आणि पापुद्रा काढण्यासाठी फौंड्रीत ‘शॉट ब्लास्टिंग’ केले जाते. त्यात वेगाने फिरणारे चाक पोलादी गोळ्या भागावर फेकते. हे काम बंद कक्षात चालते आणि धूळ यंत्राने ओढून घेतली जाते. घरगुती कामात नेमकी हीच व्यवस्था नसते.

वाळू का नको?

वाळूचा कण धातूवर आदळून फुटतो आणि त्यातील स्फटिकरूप सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ तयार होते. ती फुप्फुसात खोलवर जाऊन कायमचे व्रण करते. या विकाराला सिलिकोसिस म्हणतात. तो पूर्ण बरा करणारा उपचार नाही. त्यामुळे क्षयरोगाचा धोकाही वाढतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील नोंदणीयोग्य रोगांच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिसचा समावेश होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणारा स्फटिकरूप सिलिका कर्करोगकारक ठरवला. जीन्सच्या कापडावर वाळूचा मारा करणारे तरुण कामगार या रोगाला बळी पडू लागल्यावर तुर्कस्तानने २००९ मध्ये त्या कामावर बंदी घातली.

समुद्रकिनाऱ्याची वाळू तर दुहेरी घातक. तिच्यातील मीठ धातूवर राहून नवा गंज आणते.

कोणत्या भागाला कोणते माध्यम?

– अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड : अतिशय कठीण. जाड पोलादी भागांवरील जुनाट गंज आणि रंगासाठी.
– गार्नेट : वाळूला चांगला पर्याय. कंस, चाकाच्या तबकड्या, सस्पेन्शनचे भाग यांसाठी.
– काचेचे मणी : धातू फारसा न झिजवता एकसारखी झळाळी देतात. कार्ब्युरेटरच्या बाह्य आवरणासारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांसाठी कमी दाबाने वापरावेत.
– खाण्याचा सोडा : रंग आणि तेलकट मळ काढतो, खोल गंज नाही. नंतर भाग पाण्याने नीट धुवावा.

हवा आणि पेटी

घरगुती कामासाठी हातमोजे बसवलेली बंद पेटी सर्वांत योग्य. पोलादासाठी साधारण ८० ते ९०, तर अ‍ॅल्युमिनियमसाठी ४० ते ६० पीएसआय दाब पुरतो. खरी अडचण दाबाची नसून हवेच्या पुरवठ्याची असते. लहान पेटीच्या बंदुकीलाही मिनिटाला दहा घनफूट किंवा त्याहून अधिक हवा लागते. एक अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर त्याच्या निम्मीही देत नाही. त्यामुळे काम थांबत थांबत करावे लागते. पावसाळ्यात हवेतील पाण्याने कण घट्ट होऊन नळी तुंबते. म्हणून पाणी वेगळे करणारा फिल्टर आवश्यक आहे.

खडेबाजारासारख्या जुन्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. तेथे परसात उघड्यावर मारा केल्यास धूळ शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाते. जुन्या रंगात शिसेही असू शकते. रुमाल किंवा साधा मास्क पुरेसा नाही. पेटीबरोबर धूळ ओढणारे यंत्र, चेहऱ्याला घट्ट बसणारा धूळरोधक मास्क आणि चष्मा हवा.

हे भाग वगळावेत

बेअरिंग, ब्रेकचे सिलिंडर आणि तेलाचे आतील मार्ग यांवर मारा करू नये. अडकलेला एक मणीही इंजिन निकामी करू शकतो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. बॉनेट, दरवाजे यांचा पातळ पत्रा जोरदार माऱ्याने वाकतो. आटे आणि यंत्रावर कातलेले पृष्ठभाग झाकून घ्यावेत. मारा करण्यापूर्वी ग्रीस धुऊन काढावे.

मशीनशिवाय उपाय

ऊसपट्ट्यात गुरांच्या खाद्यासाठी विकली जाणारी मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा मिश्रणात पोलादी किंवा बिडाचा भाग एक-दोन आठवडे बुडवून ठेवल्यास गंज सुटतो. मिश्रण आंबत असल्याने झाकण घट्ट लावू नये. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग त्यात टाकू नयेत.

कोणत्याही पद्धतीने उघडा पडलेला धातू दमट हवेत काही तासांतच पुन्हा लालसर होतो. त्यामुळे भाग कोरडा करून, हात न लावता, त्याच दिवशी प्रायमर द्यावा. चासीसारखे मोठे भाग मात्र धूळ ओढण्याची सोय असलेल्या कार्यशाळेकडे सोपवणेच श्रेयस्कर.