लॅव्हनमचा गिल्डहॉल : गरिबीमुळे वाचलेली इमारत

इंग्लंडच्या सफोक परगण्यातील लॅव्हनम आज एक छोटेसे गाव आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र लोकरीच्या निळ्या कापडामुळे त्याची गणना देशातील श्रीमंत गावांत होत असे. १५३० च्या सुमारास तिथल्या बाजारचौकात लाकडी सांगाड्याचा गिल्डहॉल उभा राहिला.

तो बांधणारे ‘कॉर्पस क्रिस्टी गिल्ड’ ही व्यापारी संघटना नव्हती. ते एक धार्मिक मंडळ होते आणि गावातील धनिक कापड व्यापारी त्याचे सभासद होते. राजा सहावा एडवर्ड याच्या काळात, १५४७ च्या कायद्याने अशी मंडळे बंद झाली. हलके, स्वस्त कापड बाजारात आल्याने गावाचा धंदाही बसला.

पुढे या इमारतीत तुरुंग, गरिबांकडून काम करून घेणारे वर्कहाउस आणि लोकरीचे गोदाम होते. दुसऱ्या महायुद्धात शहरांतून हलवलेल्या मुलांची इथे सोय झाली.

जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा गावाकडे उरला नव्हता. म्हणूनच गिल्डहॉल आणि आसपासची लाकडी घरे टिकली. १९५१ पासून ही वास्तू नॅशनल ट्रस्टकडे असून आता तिथे संग्रहालय आहे.