निजामिया वेधशाळा : भिंग, घुमट आणि ओल

हैदराबादच्या निजामिया वेधशाळेविषयी जे लिहिले जाते त्यात १५ इंची ग्रब दुर्बीण आणि ८ इंची कुक दुर्बीण यांचा उल्लेख हमखास येतो. संचालकांची नावे येतात, तारकासूचीची माहिती येते. ज्या घुमटाखाली दुर्बीण उभी राहिली आणि ज्या खोलीत छायाचित्रांच्या काचा ठेवल्या गेल्या, त्या वास्तूकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. वास्तविक वेधशाळा म्हणजे यंत्राचे घर. आणि आपल्याकडे कोणत्याही घराचा जुना शत्रू ओल हाच होय. यंत्र एकदा विकत घेता येते. ते कोरडे ठेवण्याचे काम दर पावसाळ्यात नव्याने करावे लागते. निजामियाचा इतिहास या बाजूने पाहिला, तर तिच्या संस्थापकाने दूरदृष्टीने टाकलेल्या एका पावलाचे महत्त्व ध्यानात येते.

दगड-चुन्याच्या रसदगाही

उर्दू-फारसीत वेधशाळेला ‘रसदगाह’ म्हणतात. यातील ‘रसद’ म्हणजे निरीक्षण. सैन्याला पुरवली जाणारी, मराठीत रुळलेली ‘रसद’ हा शब्द निराळा. तो ‘सीन’ने लिहिला जातो, तर हा ‘स्वाद’ने. उच्चार सारखे असले तरी मुळे वेगळी आहेत. पण रसदगाहीला रसद लागतेच, हे इतिहास पुन्हा पुन्हा दाखवतो.

पंधराव्या शतकात उलूग बेगने समरकंद येथे जी रसदगाह उभारली, तिच्या महाकाय कमानीचा खालचा भाग टेकडीत खोदलेल्या चरात बसवला होता. जमिनीवरची इमारत नष्ट झाली. जमिनीखालचा भाग मात्र टिकला आणि १९०८ मध्ये उत्खननात सापडला. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन इत्यादी ठिकाणी वेधशाळा बांधल्या. त्यांच्या कामातून सिद्ध झालेल्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत पितळी यंत्रांचे दोष सांगितले आहेत : ती आकाराने लहान, त्यांचे आस झिजतात, यंत्र जागचे हलते. म्हणून त्यांनी दगड-चुन्याची भव्य यंत्रे पसंत केली.

ही यंत्रे उघड्यावर उभी असत. त्यांना छप्पर नव्हते, तसेच भिंगही नव्हते. पण त्यांनाही पाऊस चुकला नाही. चुन्याच्या गिलाव्यावर कोरलेल्या अंशांच्या रेषा ऊनपावसाने झिजतात, आणि रेषा पुसली की यंत्र मुके होते. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये उज्जैनच्या वेधशाळेची दुरुस्ती करवली, तेव्हा ती पुन्हा वेध घेण्याच्या कामी आली. दगडालाही निगराणी लागते. मग भिंग, चांदीचा मुलामा आणि पोलादी चाके असलेल्या दुर्बिणीला किती लागत असेल!

फिसलबंड्याचे अंगण

नवाब जफर जंग हे निजामाच्या दरबारातील उमराव. इंग्लंडमध्ये शिक्षण झालेले, खगोलशास्त्राचा नाद असलेले. त्यांनी डब्लिन येथील प्रख्यात ग्रब यांच्या कारखान्यातली १५ इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण विकत घेतली आणि १९०१ मध्ये हैदराबादेतील फिसलबंडा येथील आपल्या मालमत्तेत वेधशाळा स्थापन केली. म्हणजे आरंभी ती एका हौशी अभ्यासकाच्या अंगणातली खासगी वेधशाळा होती.

याच वेळी त्यांनी आणखी एक पाऊल उचलले. वेधशाळेला ‘निजामिया’ हे नाव देण्याची परवानगी त्यांनी मीर महबूब अली खान यांच्या सरकारकडे मागितली आणि आपल्या पश्चात सरकारने ती ताब्यात घ्यावी, अशी विनंती केली. १९०७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९०८ मध्ये निजाम सरकारने वेधशाळा आपल्याकडे घेतली. याच वर्षी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले होते, हे लक्षात घेतले तर सरकारच्या या निर्णयाचे मोल अधिकच जाणवते.

याच्या शेजारी पुण्याचे उदाहरण ठेवून पाहावे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्याने पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे सर्वस्व होते. तेथील २० इंची परावर्तक दुर्बीण दीर्घकाळ भारतातील सर्वांत मोठी होती. अशा दुर्बिणीच्या काचेवर चांदीचा पातळ थर असतो. दमट हवेने आणि हवेतील गंधकाच्या संयुगांनी तो काळवंडतो, म्हणून चांदी वेळोवेळी नव्याने चढवावी लागते. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, त्याबरोबर वेधशाळाही बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निष्ठेवर उभी असलेली संस्था त्याच्यासोबतच थांबली. जफर जंग यांनी नेमका हाच धोका ओळखला होता.

ओल येते कोठून?

घुमटातील ओलीच्या तीन वाटा आहेत. पहिली जमिनीतून. माती आणि जोत्यातील पाणी विटा-चुन्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. भिंतींना पोपडे धरतात आणि बंद खोलीची हवा सादळते. यावर उपाय जोत्यातच करावा लागतो : भिंतीच्या तळाशी पाणी न झिरपणारा थर आणि फरशीखाली तसाच अखंड पडदा. दुर्बिणीचा खांब मात्र फरशीपासून सुटा, स्वतंत्र पायावर उभारतात. नाहीतर चालणाऱ्याच्या पावलांनी प्रतिमा थरथरते. खांब आणि फरशी यांमधली फट हीच मग ओलीची चोरवाट होते, म्हणून ती लवचीक पदार्थाने भरावी लागते.

दुसरी वाट पावसाची. घुमट फिरता असतो आणि त्याला उघडझाप करणारी फट असते. फिरणारा भाग आणि स्थिर भिंत यांचा सांधा पूर्ण बंद करता येत नाही, कारण मग घुमटच फिरणार नाही. म्हणून बाहेरच्या बाजूने खाली उतरणारी झालर लावतात. वाऱ्याने उडालेले पाणी तिच्यावरून बाहेर ओघळते.

तिसरी वाट सर्वांत फसवी, कारण तिच्यात पाणी कोठूनही ‘गळत’ नाही. हवेत वाफ असतेच. २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २१ अंश असतो. म्हणजे एखादा पृष्ठभाग केवळ चार अंशांनी थंड झाला की त्यावर दव साचते. त्याच तापमानाला आर्द्रता ४० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे साडेदहा अंशांवर जातो आणि भिंग कोरडे राहते. निरभ्र रात्री आकाशाकडे तोंड केलेला पत्रा किंवा भिंग आपली उष्णता आकाशात फेकते आणि सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. एकेरी पत्र्याचा घुमट म्हणूनच आतून घामेजतो आणि थेंब खाली दुर्बिणीवर पडतात. भिंगाच्या पुढे लांब नळकांडे लावतात ते याचसाठी. भिंगाला आकाशाचा कमी भाग ‘दिसतो’ आणि ते कमी थंड होते.

अस्तराचा पेच

यावर सरळ उत्तर वाटते ते असे की घुमटाला आतून लाकडाचे किंवा अन्य उष्णतारोधक अस्तर लावावे. अस्तराचा आतला पृष्ठभाग पत्र्याइतका गार होत नाही आणि वाफेचे पाणी होणे टळते. मात्र पत्रा आणि अस्तर यांच्यामध्ये आतली दमट हवा शिरता कामा नये. शिरली तर पाणी अस्तराच्या मागे साचते, लाकूड कुजते आणि दोष उशिरा कळतो.

दुसरी अडचण खगोलशास्त्राची आहे. दिवसा तापलेल्या जाड भिंती आणि फरशी रात्री उष्णता सोडत राहतात. ती गरम हवा घुमटाच्या फटीतून वर जाते आणि ताऱ्याची प्रतिमा उकळत्या पाण्यातून पाहावी तशी हलते. त्यामुळे वेधशाळेच्या वास्तूकडून दोन परस्परविरुद्ध अपेक्षा असतात : पावसाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा किंचित उबदार व कोरडी हवी, तर वेध घेताना ती बाहेरच्या हवेइतकीच थंड हवी. म्हणून बाहेरून पांढरा रंग, भिंती हलक्या, अस्तर पातळ, आणि सूर्यास्तानंतर लवकर उघडता येतील अशी झरोक्यांची सोय, असा मध्यममार्ग काढावा लागतो. दुर्बीण बंद ठेवायच्या महिन्यांत थोडी ऊब कामी येते. ९० टक्के आर्द्रतेची २५ अंशांची हवा २८ अंशांपर्यंत तापवली, तर तीच आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर येते. भिंगांवर बुरशी धरू नये म्हणून एवढाही फरक मोलाचा असतो.

घड्याळांचीही हीच कथा. जुन्या वेधशाळांत लंबकाची घड्याळे असत. पोलादी दांड्याच्या लंबकाचे घड्याळ तापमान एका अंशाने वाढले की दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडते. पृथ्वी एका सेकंदात १५ विकला फिरते. म्हणजे साडेसात विकलांची चूक केवळ खोली तापल्याने होते. घड्याळाची खोली उष्णतेपासून जपणे आणि लंबकातच तापमानाची भरपाई करणे, हे दोन्ही उपाय त्यामुळे आवश्यक ठरले.

बेगमपेठेतील काचा

सरकारच्या ताब्यात आल्यावर वेधशाळा बेगमपेठ येथे हलवण्यात आली. पहिले संचालक आर्थर चॅटवुड, त्यांच्यानंतर रॉबर्ट पोकॉक आणि १९१८ पासून टी. पी. भास्करन. १९४४ मध्ये अकबर अली संचालक झाले. १९१९ मध्ये वेधशाळा उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाकडे आली.

१८८७ मध्ये पॅरिस येथे ठरलेल्या आकाशाच्या छायाचित्रण-प्रकल्पात अनेक देशांच्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले होते. चिलीतील सांतियागो वेधशाळेकडे असलेला दक्षिण १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादकडे आला, आणि पुढे उत्तर ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही. कुकच्या ८ इंची दुर्बिणीने हे काम झाले. छायाचित्रे काचेवर घेतली जात आणि काचेवरचा लेप जिलेटीनचा असे. जिलेटीन पाणी शोषून फुगते, सुकताना आखडते, आणि बुरशीला ते खाद्यच असते. लेप सरकला तर तारा सरकल्याचा भास होणार. यासाठी प्रत्येक काचेवर ताऱ्यांसोबत बारीक चौकटींची जाळीही छापली जाई. लेप कोठे ताणला गेला, ते जाळीच्या रेषा सांगत. ओलीने होणारी चूक मोजमापातच पकडण्याची ही युक्ती होती.

या परिश्रमांचे फळ फार उशिरा मिळाले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टायको-२’ सूचीत सुमारे २५ लाख ताऱ्यांची माहिती आहे. त्यांची निजगती काढताना हिप्पार्कस उपग्रहाच्या वेधांशी जुन्या नोंदींची तुलना करावी लागली, आणि त्या जुन्या नोंदींत या छायाचित्रण-प्रकल्पाचा वाटा मोठा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी घेतलेले वेध शतकाअखेरीस उपयोगी पडले, कारण ते नीट मोजून, छापून, जपून ठेवले गेले होते.

जफर जंग यांची १५ इंची दुर्बीण भास्करन यांच्या काळात, १९२२ मध्ये बेगमपेठेत उभी राहिली आणि तिच्यावर रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेतले जाऊ लागले. खरेदी आणि नियमित वापर यांत दोन दशके गेली; दाता तोवर हयातही नव्हता.

आजची स्थिती आणि महाविद्यालये

शहर वाढले, बेगमपेठेचे आकाश दिव्यांनी आणि धुराने भरले. १९६८ मध्ये शहराबाहेर जपाळ-रंगापूर येथे ४८ इंची दुर्बीण कार्यान्वित झाली. तेथील संशोधनाची परंपरा घडवण्यात प्रा. कृष्ण दामोदर अभ्यंकर यांचा मोठा वाटा आहे. १९८० च्या फेब्रुवारीतील खग्रास सूर्यग्रहण तेथून पाहण्यात आले. बेगमपेठेच्या आवारात पुढे आर्थिक व सामाजिक अभ्यास केंद्र आले. जुने घुमट तेथेच राहिले, आणि त्यांच्या पडझडीच्या बातम्या वृत्तपत्रांतून येत राहिल्या. ज्या वेधशाळेने महापुराच्या वर्षी सरकारी आश्रय मिळवला, तिची वास्तू वापर थांबल्यावर साध्या ओलीपुढे हरत गेली.

आज अनेक महाविद्यालये लहानशा दुर्बिणीसाठी अनुदान मिळवतात. यादीत दुर्बीण असते. जोत्याखालचा पडदा, घुमटाचे अस्तर, झरोके, आर्द्रतामापक आणि दर जूनमध्ये भिंगे तपासणारा जबाबदार माणूस नसतो. दोन-तीन पावसाळ्यांनंतर कपाट उघडावे तर भिंगावर बुरशीचे जाळे दिसते. विज्ञान विभागाने वर्षभर घुमटातील व बाहेरील तापमान आणि आर्द्रता नोंदवली, तरी विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्राचा एक उत्तम प्रयोग मिळेल आणि दुर्बिणीचे आयुष्यही वाढेल. इतिहास विभागाला बेगमपेठेच्या घुमटांची आजची अवस्था चित्रबद्ध करता येईल. जफर जंग यांनी दुर्बीण घेतानाच तिच्या भविष्याची तजवीज मागितली होती. दुर्बिणीच्या मागणीपत्रात देखभालीचा वार्षिक खर्च पहिल्याच पानावर लिहिणे, हा त्यांच्या उदाहरणातून घेण्यासारखा सर्वांत व्यवहार्य धडा होय.