पेशव्याची पेन्शन आणि बाबांचा फॉर्म

गेल्या दिवाळीत सोलापूरला गेलो, तेव्हा बाबांनी एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. निवृत्तीच्या पैशांतून दहा लाख एकदम भरायचे आणि जिवंत असेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम घ्यायची. याला ॲन्युइटी म्हणतात. बाबांनी सगळ्यात मोठ्या हप्त्याच्या पर्यायावर खूण केली होती. त्यापुढे लिहिलं होतं, ‘तहहयात’.

हा शब्द मी शाळेत इतिहासाच्या तासाला ऐकला होता.

२० फेब्रुवारी १८१८. आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले पडले. दुसरा बाजीराव निसटला. मे महिन्यात सोलापूरचा किल्लाही इंग्रजांकडे गेला आणि जूनमध्ये बाजीराव जॉन माल्कमला शरण आला. गादी सोडायची, उत्तरेत जाऊन राहायचं आणि वर्षाला ८ लाख रुपये घ्यायचे, असं ठरलं.

हिशेबाने पाहिलं तर हीसुद्धा ॲन्युइटीच. राज्य ही एकदाच भरलेली रक्कम. ती परत मिळणार नाही. हप्ता मात्र मरेपर्यंत चालू. माल्कमने फार उदारपणा केला, अशी टीका तेव्हाही झाली. बाजीराव त्या वेळी ४३ वर्षांचा होता. पुढे तो ब्रह्मावर्तात आणखी ३२ वर्षं जगला आणि कंपनीला अडीच कोटींहून जास्त मोजावे लागले.

आजच्या विमा कंपनीला असा एक बाजीराव जड जात नाही. ती हजारो लोकांचे पैसे एकत्र ठेवते. लवकर गेलेल्यांचे उरलेले पैसे दीर्घायुषी लोकांच्या हप्त्यांना पुरतात. आपण किती जगणार हे कुणालाच माहीत नसतं. ती काळजी कंपनी विकत घेते.

पण २८ जानेवारी १८५१ ला बाजीराव वारला आणि हप्ता थांबला. दत्तकपुत्र नानासाहेबाने अर्ज केले, डलहौसीने ते फेटाळले. अजीमुल्ला खान लंडनला जाऊन रिकाम्या हाताने परतला. १८५७ मागे कारणं पुष्कळ होती, पण नानासाहेबाच्या मनात ही बंद झालेली पेन्शन होतीच.

माझे आजोबा गिरणी कामगार. त्यांना १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून पैसे मिळायचे. २०१४ मध्ये सरकारने किमान पेन्शन १,००० रुपये केली, तेव्हा त्यांचीही तेवढी झाली आणि तिथेच थांबली. शेवटी-शेवटी त्यात एक गॅसची टाकी यायची. ठरलेली रक्कम म्हणजे न घटणारी, तशीच न वाढणारीही. पण आजोबा गेल्यावर आजीचं पेन्शन सुरू झालं, कारण पत्नीचा हक्क योजनेतच लिहिलेला होता. जे नानासाहेबाला मिळालं नाही, ते आजीला अर्ज-विनंत्या न करता मिळालं.

मी बाबांना फॉर्मची दुसरी ओळ दाखवली. त्यांच्यानंतर आईलाही तोच हप्ता, तिच्यानंतर मुद्दल परत.

“पण हप्ता कमी होतो,” बाबा म्हणाले.

“होतो. आणि दहाच्या दहा लाख यात घालू नका. महागाईसाठी काही बाहेर ठेवा.”

आई इतका वेळ भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, “माझं नाव कुठं लिहायचं ते आधी दाखव.”

बाबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पहिली खूण खोडली.