काठी, रुमाल आणि एक माणूस

‘मेद्दाह’ हा शब्द अरबीतून तुर्कीत आला. अर्थ, स्तुती करणारा. पैगंबर, हजरत अली, हमजा यांच्या पराक्रमकथा सांगण्यातून मेद्दाहाची ही एकपात्री कथाकथनाची कला फुलली.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर इस्तंबूलमध्ये कॉफीखाने सुरू झाले आणि मेद्दाहाला हक्काची बैठक मिळाली. रमजानच्या रात्री तिथे गर्दी उसळे. उंच आसनावर बसून तो काठी जमिनीवर आपटे, की सगळे चिडीचूप! मग तीच काठी कधी बंदूक होई, कधी घोडा, कधी झाडू. खांद्यावरचा रुमाल तोंडावर धरून तो आवाज बदले. आर्मेनियन, अरब, इराणी अशी कितीतरी माणसं एकट्याच्या गळ्यातून बोलत.

शेवटी चुकलं-माकलं त्याची माफी मागून तो पुढच्या कथेची वर्दी देई.

विसाव्या शतकात सिनेमा, रेडिओ आले आणि या बैठका ओसरल्या. युनेस्कोने २००८ मध्ये या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.