कर्जदार पेशवा, सावकाराचा कोट

आम्हां उंद्रीकरांना वाड्याची तटबंदी म्हटली की सिंदखेडराजा आठवतो. लखुजीराव जाधव मनसबदार. त्यांच्या वाड्याला भक्कम दगडी दरवाजा असणारच. पण बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे, त्यालाही उंच तट आणि बुरूज. सावकाराला बुरूज कशाला हवेत?

जोशी-नाईकांचे घराणे पेढीचे आणि पेशव्यांशी सोयरिकीचे. बाबूजींचे भाऊ आबाजी नाईक हे थोरल्या बाजीरावांच्या बहिणीचे, भिऊबाईंचे, यजमान. बाजीरावांच्या मोहिमांत शिपायाचा पगार आधी द्यावा लागे, खंडणी मागाहून येई. मधले दिवस सावकाराच्या पैशावर निघत. त्या सावकारांत बाबूजींचा तगादा फार कडक. मेहुण्याचे घर म्हणून व्याज काही सुटले नाही!

२८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव वारले. बाबूजींनी मोठ्या नजराण्याची तयारी दाखवून शाहू महाराजांकडे थेट पेशवेपदच मागितले. त्यांचे पाठीराखे कोण, तर आमच्या वऱ्हाडात अंमल बसवणारे रघूजी भोसले. महाराजांनी दोनेक महिन्यांत वस्त्रे दिली ती बाळाजी बाजीरावांना. बापाचे कर्ज मात्र त्या वस्त्रांबरोबरच मुलाकडे आले. बाबूजींना पुढे कर्नाटकची कामगिरी मिळाली, ती फसली. माझ्या मते तिथे त्यांचे माप निघाले: फौजेला पैसा पुरवणे वेगळे, फौज चालवणे वेगळे.

इटलीत फ्लॉरेन्सचे मेदिची हेही पेढीवालेच. कोझिमो मेदिचीसाठी मिकेलोत्सो या वास्तुकाराने पंधराव्या शतकात काफाज्जोलोचे जुने गढीवजा घर नव्याने बांधले. बागबगीचा आला, तरी बुरूज राहिले. त्या घराण्याला पुढे ड्यूकपद लाभले. नाईकांच्या हाती पेशवाई आली नाही.

तटाचे उत्तर मला पेढीच्या व्यवहारात दिसते. सावकाराकडे रोकड असते, गहाणाचे दागिने असतात आणि खते असतात. खत जळाले की येणे बुडाले. शिवाय कर्जदार खुद्द राज्याचा कारभारी असला, तर वसुलीला जाणाऱ्याच्या पाठीशी स्वतःचे शिबंदीचे घर हवेच.

याच नाईकांच्या आश्रयाला पन्हाळ्याचे मोरोपंत पराडकर आले. पुराण सांगावे, आर्या रचाव्यात, असा त्यांचा चाळीसेक वर्षांचा मुक्काम झाला. वाड्यात पुढे सरकारी कचेऱ्या बसल्या. ‘केकावली’चा कवी १७९४ साली बारामतीतच वारला.