आठवड्याची पेनी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासाचा एखादा विषय घेऊन मी चार शब्द लिहावेत, असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचविले. औंढ्याचे नागनाथाचे देऊळ, नरसीचे नामदेव महाराज, आपल्या पूर्णामाईवरचे धरण हे विषय साहजिकच मनात आले. पण त्यांवर जाणत्या मंडळींनी पुष्कळ लिहिलेले आहे. म्हणून मी मुद्दाम थोडा लांबचा विषय निवडला आहे. तो म्हणजे मेथॉडिस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती मंडळींचा इतिहास. त्यांचा धर्म वेगळा, उपासना वेगळी. परंतु माणसे जमवावी कशी, जमलेली टिकवावी कशी आणि त्यांतली एखादी मागे पडली तर तिला हात द्यावा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आणि आपल्या मंडळापुढचा प्रश्न एकच आहे. म्हणून हा इतिहास आपल्याही कामाचा आहे.

या पंथाची सुरुवात अठराव्या शतकात इंग्लंडात झाली. जॉन वेस्ली आणि त्यांचे बंधू चार्ल्स हे ऑक्सफर्डला असताना काही मित्रांसह ठरल्या वेळी प्रार्थना करीत, ठरल्या दिवशी उपवास करीत, तुरुंगातील कैद्यांना भेटावयास जात. त्यांचा हा शिस्तीचा क्रम पाहून इतर विद्यार्थी त्यांना थट्टेने ‘मेथॉडिस्ट’, म्हणजे पद्धतशीर माणसे, म्हणू लागले. थट्टेचे नाव पुढे मानाचे झाले.

पण माझ्या मते ही पद्धत ऑक्सफर्डच्या आधी एका आईच्या घरात जन्मली. जॉन वेस्लींची आई सुसाना हिला एकोणीस मुले झाली, त्यांतली बरीचशी लहानपणीच गेली. उरलेल्यांचा सांभाळ, घरची ओढाताण आणि पतीचा तापट स्वभाव, एवढे सगळे असूनही तिने एक नियम पाळला. आठवड्यातील एकेक संध्याकाळ तिने एकेका मुलासाठी राखून ठेवली होती. त्या वेळी ती फक्त त्या मुलाशी बोले. जॉनचा वार गुरुवार होता. पती लंडनला गेलेले असताना ती रविवारी संध्याकाळी मुलांना व नोकरांना जमवून उपदेशाचे वाचन करी. शेजारीपाजारी येऊ लागले आणि बघता बघता दोनशेच्यावर माणसे जमू लागली. बाईमाणसाने असे करावे हे काहींना रुचले नाही. पतीनेही लंडनहून हरकत घेतली. पण तिने काम थांबविले नाही. ज्या घरात प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा तरी कोणी वेगळे बसवून विचारीत असे, त्या घरातला मुलगा पुढे हजारोंच्या मंडळीतही प्रत्येकाची विचारपूस झाली पाहिजे असे म्हणतो, यात नवल ते काय?

आता मुख्य गोष्ट सांगते. १७३९ मध्ये वेस्लींनी ब्रिस्टल शहरात सभेसाठी एक घर बांधावयास घेतले. त्याचे कर्ज झाले. ते फेडण्यासाठी १५ फेब्रुवारी १७४२ रोजी मंडळी विचारविनिमयाला बसली. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचविले की प्रत्येक सभासदाने दर आठवड्याला एक पेनी द्यावी. लगेच कोणी म्हणाले, आपल्यातील पुष्कळांना एवढेही देणे झेपणार नाही. तेव्हा या कप्तानाने जे उत्तर दिले ते आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याने सांगितले की सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे लावा. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. त्यांनी दिले तर घेईन, नाही दिले तर त्यांच्या वाट्याचे मी भरीन.

अशा रीतीने बारा-बारा माणसांचे वर्ग झाले आणि प्रत्येकाला एक वर्गनायक मिळाला. नायक पेनी गोळा करण्यासाठी घरोघर जाऊ लागला आणि तेथे त्याला पेनीहून निराळेच काही दिसू लागले. कोणाच्या घरी आजारपण, कोठे भांडण, कोठे दारूने संसार उघड्यावर आलेला. नायकांनी हे वेस्लींना सांगितले. कर्जाच्या निमित्ताने आपल्या हाती माणसांची काळजी घेण्याचे साधन आले आहे, हे त्या चतुर पुरुषाने ताबडतोब ओळखले. पुढे घरोघर फिरण्याऐवजी वर्गच आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला. कित्येक वर्गांच्या नायकपदी बायका होत्या. ज्या काळी बायकांना सभेत बोलण्याची मुभा नव्हती, त्या काळची ही गोष्ट आहे.

आपल्याकडे वारीच्या दिंडीत हेच दिसते. लाखोंच्या गर्दीत वारकरी हरवत नाही, कारण तो आपल्या दिंडीत असतो आणि दिंडीत त्याला नावाने ओळखणारे कोणी असते.

हा पंथ महाराष्ट्रात आला तो विल्यम टेलर या अमेरिकन धर्मोपदेशकामुळे. हे गृहस्थ कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधासाठी झुंबड उडाली असताना सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उभे राहून उपदेश करीत. १८७० मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि १८७१ च्या अखेरीस त्यांनी मुंबईत काम सुरू केले. तेथेही देवालयाच्या आधी वर्गच झाले, आणि तेही लोकांच्या घरांत. सुरुवातीची मंडळी बहुतेक इंग्रजी बोलणारी होती. टेलर यांचा एक आग्रह होता. परदेशातून येणाऱ्या पैशावर मंडळीने अवलंबून राहू नये, तिने आपला खर्च आपल्या वर्गणीतून चालवावा. ब्रिस्टलची पेनी अशी मुंबईस पोचली.

टेलर यांना मुंबईत जे साथीदार मिळाले त्यांत जॉर्ज बोवेन यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. हे १८४८ मध्ये मुंबईस आले. लोकांमध्ये राहावयाचे तर आपली राहणी त्यांच्यासारखीच हवी, असे मनात येऊन त्यांनी थोड्याच काळात मिशनचा पगार सोडला आणि गरीब वस्तीत अगदी साधेपणाने राहू लागले. मराठी शिकून ते रस्त्यांवर व बाजारांत मराठीतून बोलत. लोक ऐकत, कधी टिंगल करीत, पण हे रोज जात. ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राचे संपादन त्यांनी वर्षानुवर्षे केले. १८८८ मध्ये ते वारले. चाळीस वर्षांत ते मायदेशी एकदाही परतले नाहीत. मुंबईच्या अपोलो बंदराजवळचे बोवेन मेमोरियल मेथॉडिस्ट चर्च त्यांच्याच नावाचे आहे. पुण्याचे ओल्डहॅम मेथॉडिस्ट चर्चही असेच एका माणसाच्या नावाने उभे आहे. विल्यम ओल्डहॅम हे सरकारी मोजणीखात्यातील तरुण नोकर होते. पुण्यास एका सभेत सहज जाऊन बसले आणि त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. १८८५ मध्ये ते सिंगापूरला गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली.

आता बायकांच्या कामाकडे वळू. १८६९ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील बोस्टन शहरी मोजक्या मेथॉडिस्ट बायका एका पावसाळी दिवशी जमल्या. हिंदुस्थानातील बायकांसाठी बायकाच पाठवावयाच्या, असा त्यांनी निश्चय केला. पैसा कोठून आणावयाचा? प्रत्येकीने आठवड्याला दोन सेंट द्यावयाचे. पुन्हा तीच पेनी! घरखर्चातून बाजूला काढलेल्या या चिल्लरीतून पुढच्याच वर्षी दोघी जणी येऊन पोचल्या. इझाबेला थोबर्न यांनी लखनौच्या बाजारात सहा मुलींची शाळा काढली. रस्त्यावरची टवाळी अशी की दारात काठी घेऊन एक मुलगा उभा करावा लागे. त्या सहा मुलींच्या शाळेचे पुढे महाविद्यालय झाले. दुसऱ्या डॉ. क्लारा स्वेन. पुरुष डॉक्टरपुढे पडद्यातली बाई जात नसे आणि विनाउपचार प्राण सोडी. अशा काळात या बाईंनी बरेलीस बायकांसाठी दवाखाना चालविला. रामपूरच्या नबाबांनी त्यासाठी जागा दिली.

याच बायकांच्या संस्थेने १८८७ मध्ये मुंबईस पाठविलेल्या मिनी एब्रम्स या पुढे पंडिता रमाबाईंच्या मदतीस केडगावला गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुलीबाळी आणल्या होत्या. एवढ्या मुलींना खाऊ घालणे, शिकविणे, त्यांची आजारपणे काढणे हे काम एकटीचे नव्हते. रमाबाईंचे नाव आपण सर्वजणी घेतो. त्यांच्या पाठीशी राबणाऱ्या हातांचीही आठवण ठेवावी, म्हणून हा उल्लेख केला.

आपल्या मराठवाड्याचा त्या काळी निजामाच्या राज्यात समावेश होता. त्याच राज्यात बीदरला मेथॉडिस्टांचे रुग्णालय व शाळा झाल्या. मेदकला इंग्लंडमधील वेस्लीपंथीयांनी दुष्काळाच्या दिवसांत भुकेल्या लोकांना काम व अन्न मिळावे म्हणून एक प्रचंड देवालय बांधले. ते १९२४ च्या नाताळात पुरे झाले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून दिवस काढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना या देवालयाची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्याला सर्वांत जवळचे ठिकाण वाशीम. वऱ्हाडातील या गावी मेथॉडिस्टांचे काम बरीच वर्षे होते. १९३० नंतरच्या दशकात ते नाझरीन या दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीकडे सोपविण्यात आले. तेथील मेथॉडिस्टांची जुनी शाळा-इमारत रिकामी पडली होती. डॉ. ऑर्फा स्पायशर या बाईंनी तिचीच डागडुजी करून १९३८ मध्ये तेथे रेनॉल्ड्स मेमोरियल हे रुग्णालय सुरू केले. पाटी बदलली, पण घर ओसाड पडले नाही. संस्थेचे नाव जाऊ शकते, चालविणारे जाऊ शकतात. मात्र एकाने हातचे सोडले तर ते उचलणारा दुसरा कोणी तयार असावा लागतो. मेथॉडिस्ट मंडळींतही कारभार हळूहळू येथील माणसांच्या हाती आला. १९३० मध्ये जशवंतराव चितांबर हे पहिले भारतीय बिशप निवडले गेले, आणि १९८१ मध्ये भारतातील मेथॉडिस्ट चर्च पूर्णपणे स्वायत्त झाले.

अशा देवालयात पुढील वर्षाचे कार्यक्रम ठरवितात ते कसे, हेही पाहू. डिसेंबरात नाताळची तयारी, घरोघर जाऊन गाणी म्हणणे. एकतीस डिसेंबरच्या रात्री जागरणाची उपासना. ही प्रथा किंग्जवुडच्या कोळसाखाणीतील मजुरांपासून आली. जी रात्र ते पूर्वी गुत्त्यात घालवीत, ती ते प्रार्थनेत घालवू लागले. नव्या वर्षाच्या आरंभी कराराची उपासना. हिची सुरुवात वेस्लींनी १७५५ मध्ये केली. हिच्यात प्रत्येकजण आपला संकल्प सर्वांसमक्ष नव्याने बोलतो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या ख्रिस्ती बायकांचा प्रार्थनादिन. दर वर्षी निराळ्या देशातील बायका त्या दिवसाची उपासना लिहितात आणि ती सर्वत्र होते. मग उपवासाचे चाळीस दिवस, पुनरुत्थानाचा सण, आणि पिके हाती आली की कापणीचा सण. त्या दिवशी माणसे धान्य, भाजी, फळे देवालयात आणून ठेवतात. मराठी मंडळींत गाणी बहुधा आपल्याच चालींवरची असतात. रेव्हरंड टिळकांची पदे सर्व पंथांच्या मराठी देवालयांत म्हटली जातात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण वाचली असतीलच. नसतील तर अवश्य वाचावीत.

भगिनींनो, आता आपल्या घरचे बोलू. आपल्या मंडळात बचतगट आहेत. दर महिन्याला पैसे जमतात, वही लिहिली जाते, कर्ज मिळते, हप्ता फिटतो. हे काम लहान नाही. पण अलीकडे बैठक म्हणजे केवळ हप्ता भरण्याची खिडकी झाली आहे, असे मला स्पष्टपणे वाटते. पैसे ठेवावयाचे, सही करावयाची, उठावयाचे. पूर्वी बैठकीला न आलेल्या बाईच्या घरी कोणी तरी जात असे. आता निरोप फोनवरून जातो, आणि तोही हप्त्याचाच असतो.

आणि एक कलम. सलग तीन महिने वर्गणी न आल्यास सभासदाचे नाव कमी करावे, असे आपली नियमावली सांगते. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण हे कलम लागू कोणाला होते? दिवाळीनंतर उसतोडीला जाणाऱ्या बायकांना होते. नवरा गेल्यावर ज्यांच्या डोक्यावर सावकाराचे देणे आले त्यांना होते. म्हणजे जिला मंडळाची सर्वांत जास्त गरज, तिचेच नाव प्रथम जाते! कप्तान फॉयने याच्या अगदी उलट केले. देऊ न शकणाऱ्यांना त्याने यादीतून गाळले नाही, ते आपल्याकडे मागून घेतले.

म्हणून येत्या वर्षासाठी मी तीन सूचना मांडते. पहिली, सभासदांचे बारा-बाराचे वर्ग करावेत आणि प्रत्येक वर्गाच्या नायिकेने महिन्यातून एकदा प्रत्येकीच्या घरी जावे, पैसे मागण्यासाठी नव्हे, विचारपूस करण्यासाठी. दुसरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर प्रत्येकीने वर्षाचा एक संकल्प सर्वांसमक्ष बोलावा, आणि त्या दिवशी कोणाही विधवा भगिनीला दारात थांबवू नये. तिसरी, ते कलम येत्या सर्वसाधारण सभेत बदलावे. परगावी गेलेल्या किंवा अडचणीत असलेल्या बाईची वर्गणी तिच्या वर्गाने मिळून भरावी. बारा जणींत एकीचा वाटा वाटून घेतला तर कोणाला जड जाणार नाही.

पहिल्या वर्गाची नायिका व्हावयास मी तयार आहे. ज्यांची वर्गणी थकली आहे अशा अकरा जणींची नावे चिटणीसबाईंनी माझ्याकडे द्यावीत, एवढीच विनंती.