अ‍ॅल्युमिनियमची गाडी

पत्रा म्हटलं की आपल्याला छप्पर आठवतं, नाहीतर कोठीचं झाकण. आज आपण गाडीच्या पत्र्याबद्दल बोलू. गाडी शेतकऱ्यासाठीच काढलेली आहे.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती. जो कारखाना परदेशी माल विकेल, त्याला ते आधी मिळे. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स शेतावर लष्करातली जुनी जीप वापरत. तशी गाडी आपणच काढू, असं त्यांनी ठरवलं. पण पोलाद कुठून आणायचं? विमानांसाठी लागणारं अ‍ॅल्युमिनियम मात्र मिळत होतं. म्हणून लँड रोव्हरचं अंग बर्माब्राइट या मिश्रधातूचं केलं, म्हणजे मॅग्नेशियम घातलेलं अ‍ॅल्युमिनियम. महागडे साचे नकोत म्हणून पत्रे सपाट, साध्या हत्यारांनी वाकवता येतील असे ठेवले. ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांनी पाहिली.

युद्धात विमानांच्या कारखान्यांत हजारो बायका पत्रा कापत, रिबिटी ठोकत. पुरुष परतले आणि त्यातल्या कितीतरी जणींना घरी पाठवलं. उरलेल्या धातूला काम मिळालं, त्यांना नाही. हे आम्हाला खटकतं.

आता धातूंकडे वळू. अ‍ॅल्युमिनियम वजनाला पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. वाळूच्या चामडी पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीनं ठोकलं की वाटीसारखं खोलगट होतं. पण ठोकून ठोकून ते कडक होतं, चिरतं. मग तापवून मऊ करायचं. इथेच खरी कसोटी! पोलाद तापलं की लाल दिसतं. अ‍ॅल्युमिनियम मात्र लाल न होताच ६६० अंशांना वितळतं. म्हणून कारागीर पत्र्यावर साबणाची वडी घासतात आणि मागून ज्योत फिरवतात. साबणाचा डाग काळपट झाला की आच काढायची.

पुण्याच्या तांबट आळीतही तांबं असंच तापवतात, ठोकतात. मठारल्यानं हंडा टणक होतो. घडवायला तांबं गुणी, पण ते पोलादापेक्षा जड आणि महाग, गाडीला परवडत नाही. पोलाद स्वस्त, मजबूत, वेल्डिंगला सोपं, फक्त गंजतं. ‘अ‍ॅल्युमिनियमला काही होत नाही’ असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं. लँड रोव्हरची खालची चौकट पोलादाचीच होती. दोन धातू चिकटून ओले राहिले, त्यात मीठ असलं, की अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते.

मोडीत पत्रा देताना चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड. न चिकटणारा हलका पत्रा बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचा. त्याला भाव जास्त असतो, तो वेगळा तोलून घ्या.